बाबांची राहून गेलेली पायी सफारी

झांबियाला जाऊन आलो म्हटल्यावर इथले, लंडनच्या हॅरोतले मित्र विचारतात, "तिथे करायचं काय काय?" मी उत्साहाने सांगतो. पहाटेची जीप चुकवू नका. संध्याकाळी होडीतून नदीवर जा, पाणघोडे बघून मन भरत नाही. धुळीसाठी रुमाल आणि पहाटेच्या थंडीसाठी स्वेटर न्या. आणि एक सकाळ बंदूकवाल्या रक्षकाबरोबर जंगलात पायी फिरा, बाकी काही केलं नाही तरी हरकत नाही. इतकं बोलून मी थांबतो. पुढचं त्यांना सांगत नाही.

ती सहल खरं तर बाबांसाठी होती. ते पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, सगळी नोकरी पायी झाली. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात ते भारतातून आमच्याकडे, हॅरोजवळच्या स्टॅनमोरला येतात. झांबियातल्या सफारी कॅम्पने पाठवलेली कार्यक्रमांची यादी मी वाचून दाखवली तेव्हा जीप, होडी, गावभेट या सगळ्याला त्यांनी नुसती मान डोलावली. पायी सफारी ऐकल्यावर मात्र म्हणाले, "हे खरं. गाडीतून काय, टीव्हीवरही दिसतं."

त्यांनी नवे बूट घेतले आणि रोज सकाळी दोन तास चालायला सुरुवात केली.

"बाबा, सिंह काही तुमच्या मागे लागणार नाहीये," माझी बायको म्हणायची.

"लागला तर तुझा नवरा आहे ना मागे. त्याला कुठे पळता येतं?"

कॅम्पवर पहिल्या दिवशी आम्ही तिघं जीपमधून फिरलो. आमच्याबरोबर एक इंग्लिश जोडपं आणि एक जर्मन बाई होत्या. बाबा दर थोड्या वेळाने गाइडला थांबवत. या नदीला पूर किती येतो, पात्र कधी सरकलं, तो काठ कुणी बांधला का? गाइडला ते आवडत होतं. बाबांनी त्याला डब्यातला चिवडा दिला, मग मागे वळून सगळ्यांना दिला. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा इंग्लिश गृहस्थाने हलकेच उसासा टाकला. माझी आणि त्याची नजरानजर झाली आणि मी डोळे वर करून हसलो. मी, त्यांचा मुलगा.

रात्री जेवताना गाइडने सांगितलं की पायी जाताना सगळे एका रांगेत चालतात आणि सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतात. कुणाला हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर त्याने विचार करून यावं. बाबा बीपीची एक गोळी घेतात. त्यांनी विश्वासाने माझ्याकडे पाहिलं. "सकाळी बघ रे एकदा."

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन चालू असताना दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर हाच बीपीचा आकडा असतो, आणि तो मी कधी चुकीचा सांगत नाही. त्या पहाटे बाबा बूट घालून, नाड्या बांधून खाटेवर तयार बसले होते. बीपीचं मशीन माझ्याकडे वळवून मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा एकशेछत्तीस आला. त्यांच्या वयाला उत्तम.

"एकशेसत्तर," मी म्हणालो.

"वरचा?"

"हो."

मला फक्त एक सकाळ हवी होती. जिच्यात मी कुणाचा मुलगा नसेन, मला कुणाची लाज वाटणार नाही अशी.  खाली वाकून बाबांनी नाड्या सोडल्या. बायको म्हणाली, "तू जा, मी थांबते त्यांच्याजवळ." म्हणजे तिचीही सकाळ मी घेतली.

चालणं अगदी सोपं होतं. सपाट वाळू, दर दहा मिनिटांनी थांबा. हत्तीच्या पावलाच्या ठशाभोवती गाइडने काठीने रेघ ओढली आणि हत्ती कुठल्या बाजूला, किती घाईत गेला हे सांगितलं. कोरड्या ओढ्यात हत्तींनी सोंडेने खणलेले खड्डे होते, तळाशी पाणी होतं. बाबांनी तिथून हलायलाच नकार दिला असता. जर्मन बाईंचं वय बाबांपेक्षा जास्त असावं. दोन काठ्या टेकत त्या शेवटपर्यंत आल्या.

परत आलो तेव्हा बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. "काय काय पाहिलंस?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "बरंच झालं तुम्ही नाही आलात."

हे दुसरं खोटं मला पहिल्यापेक्षा जास्त छळतं. मी त्यांना नेलं तर नाहीच, ऐकूही दिलं नाही.

स्टॅनमोरला परतल्यावर बाबांनी मीठ सोडलं. बायको त्यांच्या भाजीचं पातेलं वेगळं ठेवू लागली. फिरणं स्टेशनपर्यंत जाऊन येण्यावर आलं, चढाचा रस्ता बंद. दर रविवारी ते मशीन घेऊन माझ्यासमोर बसत. एकशेचौतीस, एकशेअडतीस. "बघ, मीठ सोडलं म्हणून उतरलं," ते खूष होऊन सांगत. मी मान डोलवत असे.

त्यांच्या खात्यातले चार-पाच जुने मित्र दर डिसेंबरात, स्वतः आखलेल्या कालव्याच्या काठाने तीन दिवस चालतात. एकही वर्ष बाबांनी चुकवलेलं नव्हतं. सप्टेंबरात त्यांतल्या एकाचा फोन आला. बाबा स्पीकरवर बोलत होते.

"येतोयस ना लेका? का आता विलायती गुडघे झाले?"

"नाही रे, यंदा नाही. यंदाच काय, आता बंदच. मुलगा डॉक्टर आहे, त्याने सांगितलंय."

"मग आम्ही तरी कशाला जातो? पुढे चालणारा तूच."

बाबा हसले. मग फोन ठेवून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी शेजारच्या खुर्चीत होतो. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"बाबा, तिथे तुमचं बीपी एकशेसत्तर नव्हतं. एकशेछत्तीस होतं."

त्यांनी विचारलं, "मशीन बिघडलं होतं का?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि हो माझ्या तोंडात आलंही होतं.

"नाही. मी खोटं सांगितलं. त्या लोकांसमोर तुम्ही बरोबर नको होतात मला."

"चिवड्यामुळे?"

"सगळ्यामुळेच."

ते खिडकीकडे वळले. "मला सांगायचंस. मी आपणहून थांबलो असतो. तेवढं कळतं मला." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी पुन्हा फोन लावला.

"अरे, माझं नाव धर. येतोय मी."

"अं? आणि डॉक्टरसाहेबांनी परवानगी दिली?"

"त्याला विचारलं नाही," बाबा म्हणाले.

डिसेंबरात ते तीनही दिवस चालले. हे मला त्यांच्या मित्राकडून कळलं. यंदा उन्हाळ्यात ते पुन्हा आले आहेत. माझ्याशी नीट बोलतात, क्रिकेट बघतात, माझ्या केसांवरून चेष्टा करतात. रविवारी मात्र ते कोपऱ्यावरच्या फार्मसीत जातात आणि तिथल्या मुलीकडून बीपी मोजून घेतात. परत आल्यावर मी आकडा विचारतो.

"ठीक आहे," एवढंच ते म्हणतात.