नावाची ताटं

बेळगुंदीच्या अलीकडे आमचं गाव. देवळात दरवर्षी महाप्रसाद असतो. मागच्या खेपेला जेवणं उरकल्यावर प्लास्टिकच्या ताटल्या उडत उडत ओढ्यात गेल्या आणि त्यातली एक आमच्या म्हशीनं चघळली. तेव्हापासून माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, म्हणजे आक्कांचं, डोकं फिरलं होतं.

यंदा गावच्या बैठकीत त्या उभ्याच राहिल्या. ज्यानं त्यानं घरचं ताट-तांब्या आणायचा, उष्टं जनावरांना, साली खताच्या खड्ड्यात. देवळाचे थोरले पंच, ज्यांना सारं गाव आप्पा म्हणतं, ते म्हणाले, "करा. पर घोटाळा झाला तर पुढच्या साली परत प्लास्टिक. मग मला कुणी सांगू नगा."

जेवण झकास झालं. ओढा स्वच्छ, वाया काही नाही. घरोघर पाणी कशाला सांडायचं, म्हणून आक्कांनी सगळी ताटं देवळाच्या टाकीवरच घासून घेतली. आता कुठलं कुणाचं, अशी शंका मी काढली.

"नावं कोरल्यात की गं! वाचायची आन् पोचवायची."

आम्ही बायकांनी नावं वाचून ताटं पोचवली आणि पाठ टेकणार, तोच गल्लीत गलका झाला. घाईत कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आमच्याकडे ताटावर मालकाचं नाव असतंय कधी? लग्नात आहेर देणारा स्वतःचं नाव कोरून देतो. म्हणजे मामाचं ताट मामाकडे, आत्याचं आत्याकडे. सगळ्या गावाचा आहेर आम्ही एका दुपारात माघारी केला होता! एक म्हातारी तर रुसूनच बसली, "आमचा आहेर परत पाठवला, असं काय चुकलं आमचं?"

मला हसू आवरेना. आक्कांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. "गेलं गं सगळं. आता परत प्लास्टिक." एवढी धडपड केलेली बाई, मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळपर्यंत ताटं गावभर फिरत राहिली. ज्या उंबऱ्यावर वर्षात पाऊल पडत नाही, तिथं बायका ताट घेऊन गेल्या आणि चहा पिऊन परतल्या. दिवेलागणीला आप्पा आमच्या दारात आले. आक्कांनी पदर सारखा केला आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"माझं ताट तुमच्याकडं आलंय म्हणं."

खरंच आलं होतं. आप्पांच्या लग्नात आमच्या सासऱ्यांनी दिलेलं. आक्कांनी ते पुसून त्यांच्या हातात ठेवलं. आप्पांनी नावावरून बोट फिरवलं. "ह्याच्याबिगर मला जेवण ग्वाड लागत न्हाय," एवढंच म्हणाले. मग निवांत चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "पुढच्या साली ताटांच्या मागं रंगाचा ठिपका मारा. गल्लीला एक रंग."

ते वळणाआड गेले तरी आक्का दारातच.

"काय म्हणाले गं ते?"

"ठिपका मारा म्हणाले."

"त्याच्या आधी गं!"

"पुढच्या साली, म्हणाले."

"व्हय न्हवं?" आक्का म्हणाल्या. "परत एकदा म्हण."