तरकिबीला तरकीब

आमच्या स्वयंपाकघरात काय बिघडलं आहे, ते आमच्या तरकीबवालीला फाटकापाशीच कळायचं. डोक्यावर माशांची पाटी, पाटीत मरळ आणि मांगूर, वर ओलं गोणपाट. आणि एवढ्या वासाखाली उभी राहून ही बाई आत गॅसवर काय चाललं आहे त्याचा वास घ्यायची. "मॅडमबाई, भात खाली लागून राहिला जी," अशी हाक आली की मी धावत जाऊन झाकण उघडायची, तर भात त्याच क्षणी लागायला सुरुवात झालेली असायची. कधीकधी मला वाटे, हिने हाक मारली नसती तर तो लागलाही नसता.

सई आणि अर्णव, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आजीच्या मागे खिडकीला ते फाटकं जाळं का टांगलं आहे. प्रश्न रास्त आहे. ज्या घरात मसाल्याचे डबे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेले आहेत, त्या घरात जाळं शोभत नाही. पण मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रस्तावनेशिवाय उत्तर देणं मला जमत नाही. म्हणून आधी बाई, मग जाळं.

तिचं नाव सायत्राबाई. वैनगंगेच्या काठचं तिचं गाव, काळीपिवळी जीपमध्ये बसून ती सकाळी भंडाऱ्याला यायची आणि आमच्या गल्लीत मासे विकायची. दिवाळीच्या सुमारास पाटीत शिंगाडे असायचे. लागलेल्या भातावर तिने सांगितलेला उपाय मी आजही करते आणि तुम्हीही करा: भात न ढवळता वरचा वर दुसऱ्या भांड्यात काढायचा, त्यावर कांद्याच्या चार जाड चकत्या ठेवून दहा मिनिटं झाकायचं. वास कांदा घेऊन जातो. भात आपण खायचा, कांदा टाकून द्यायचा. तुमच्या आजोबांनी एकदा उलट करायचं ठरवलं होतं, त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तरकीब सांगून झाली की ती पाटी उचलायची नाही. दारातच बसून राहायची. पहिल्यांदा मला वाटलं, हिला चहा हवा असेल. चहा प्यायली, तरी हलेना. मग म्हणाली, "आता तुमची सांगा. एकाले एक. फुकटची तरकीब लागू होत नाही, मॅडमबाई." मी इंग्रजी मासिकं घेत असे आणि त्यांत घरगुती सूचनांचं एक पान असे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की अंडं पाण्यात सोडावं. बुडालं तर ताजं, तरंगलं तर शिळं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "माह्या घरी कोंबड्या आहेत. मी त्याहिले विचारू नको का?"

तेव्हापासून माझ्या आयुष्याला एक ध्येय मिळालं: या बाईने माझी एक तरी तरकीब पास करावी. बत्तीस मुलांच्या वर्गासमोर मी कधी घाबरले नव्हते. दारात उकिडव्या बसलेल्या या परीक्षकापुढे मात्र मी तरकीब आधी मनात दोनदा घोकून मगच तोंड उघडायची. केळीच्या सालीने चामडी चप्पल चमकते, असं मी सांगितलं, तर तिने आपली प्लॅस्टिकची चप्पल उचलून दाखवली. तिच्या मात्र सगळ्या खऱ्या निघत. तांदळाला उन्हात घालू नका, दाणा तडकतो. सावलीत पसरा आणि डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. करपलेल्या पातेल्यात चिंचेचं पाणी उकळा आणि विसरून जा. "घासूनघासून जीव द्याचा नाही," ती म्हणायची, "भांडं आपल्यासाठी आहे, आपन भांड्यासाठी नाही." इंग्रजीत मी यापेक्षा चांगलं वाक्य वाचलेलं नाही.

एका तरकिबीत मात्र मी सपशेल आपटले, आणि दोष माझ्या शिक्षणाचा होता. मांगूर मासा हातातून सटकतो. तिने सांगितलं, त्याला राख चोळा, म्हणजे पकड येते. आमच्याकडे गॅस, राख कुठून आणणार? मी विचार केला की राख म्हणजे भांडी घासायचंच तर साधन, म्हणजे भांडी घासायची पावडर चालायला हरकत नाही. पकड उत्तम आली. मी मासा दोनदा धुतला, तीनदा धुतला, रस्सा केला, आणि रश्शाला उकळी येताच पातेल्यातून पांढरा फेस वर आला. तुमचे आजोबा फार सभ्य गृहस्थ. दोन घास खाऊन ते म्हणाले, "आज मासा अगदी स्वच्छ लागतोय." दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सायत्राबाई थबकली, तिने नाक वर केलं आणि आत न येताच हसत हसत परत गेली. तासाभराने ती चार घरं फिरून कागदाच्या पुडीत राख घेऊन आली. त्या चारही घरांना तिने राख कशासाठी हवी ते सविस्तर सांगितलं होतं.

मग मी मोजा काढला. मासिकात होतं की लांब मोज्यात एकेक कांदा टाकावा, प्रत्येकानंतर गाठ मारावी आणि मोजा टांगावा. हवा खेळते, कांदा सडत नाही. तुमच्या आजोबांचे हिवाळ्यातले करडे मोजे गुडघ्यापर्यंत यायचे. त्यातला एक मी तिला दिला. टाचेला भोक होतं, ते मी लाल दोऱ्याने रफू केलं होतं, कारण करडा दोरा संपला होता. तिने घरी जाऊन सात कांदे भरले आणि मोजा आढ्याला लटकवला. दुपारी तिची सासू झोपून उठली, तर डोक्यावर गाठीगाठीचा एक राखाडी पाय लोंबतोय. म्हातारीने आरडाओरडा करून अर्धा मोहल्ला गोळा केला आणि कोणीतरी करणी केली म्हणून घराभोवती लिंबू फिरवलं. "तुमचा पाय तलावात सोडून आली," सायत्राबाईने मला येऊन सांगितलं. "आता पुन्हा असलं काही सांगजा नोका."

पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने तिचं गाव घेतलं आणि सगळ्यांना पुनर्वसनात प्लॉट मिळाले. काही महिने ती आलीच नाही. आली ती पाटीशिवाय, आणि चहा पुढे केला तरी हातात धरून बसली. नवरा आधीच वारला होता. आता रंजू, तिची एकुलती एक मुलगी, लग्नाची होती. नवं घर सिमेंटचं, आणि समोरच्या खोलीच्या मुख्य भिंतीला ओल. जुन्या घरी ती पांढऱ्या मातीने भिंत अशी सारवायची की बघत राहावं. इथे माती लावली की दुसऱ्या दिवशी पापड होऊन खाली. चुना लावला, तोही गळला. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. दुसऱ्यांतल्या एका बाईने भिंतीला बोट लावलं, बोट पाहिलं आणि पदराला पुसलं. त्यानंतर निरोप नाही.

"रविवारी तिसरे येऊन राहिले, आंबागडाकडचे," ती म्हणाली. "पोरगा चांगला आहे म्हंते. माह्याजवळ एकबी तरकीब नाही, मॅडमबाई. तुमच्याजवळ असन तर सांगा."

ती पहिल्यांदा माझ्याकडे मागत होती. मी शनिवारी मोजपट्टी, कात्री आणि कामांची यादी घेऊन तिच्या घरी गेले. आधी जुन्या साड्यांचा पडदा लावला. तो तासाभरात भिंतीला असा चिकटला की ओलीचा नकाशा आणखी ठळक दिसू लागला. मग मला मासिकातलं एक चित्र आठवलं. परदेशातल्या समुद्रकाठच्या घरात भिंतीवर मासेमारीचं जाळं टांगलेलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की खर्च शून्य. तिच्या नवऱ्याचं जाळं माळ्यावर होतं. त्याने स्वतः विणलेलं. तो गेल्यापासून तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. मी चाचरत विचारलं.

"नवरीच्या घरात जाळं?" ती माळ्याकडे पाहत म्हणाली. "लोक म्हनतीन, पोरगं पकडाले लावलं."

पण शिडी तिनेच लावली. जाळ्यातून भिंत दिसते, हे टांगल्यावर आमच्या लक्षात आलं. मग चार घड्या केल्या. तरी जिथे ओल जास्त तिथे दिसायचंच. मी घरून जुन्या लग्नपत्रिका आणल्या होत्या. त्यांच्या सोनेरी कागदाच्या मासोळ्या कापून नेमक्या त्या जागी टाचल्या. सगळ्या एका मापाच्या, शेपट्या एका दिशेला. सायत्राबाईने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "कोन्या तलावातल्या जी या? साऱ्या शाळेत जाऊन राहिल्या वाटते." रंजू एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

रविवारी मीही थांबले. मुलगा, त्याचे मामा आणि दोन बायका आल्या. पोहे झाले. बायकांना मासोळ्या आवडल्या, आणि मी मनात स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले. तेवढ्यात मामा उठले. मासेमारांच्या घरी वाढलेला तो माणूस. त्याला सजावट दिसलीच नाही, त्याला जाळं दिसलं. जाळ्याचा काठ बोटांत धरून ते म्हणाले की विणकाम फार चांगलं आहे, पण इथे फाटलं आहे. मुलगाही उठला. त्याने पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात सायत्राबाईला विचारलं, "सूत आहे का, मामीजी? सुई?"

आम्ही काही बोलायच्या आत त्या दोघांनी जाळं खिळ्यांवरून काढून खाली घेतलं. माझ्या सोनेरी मासोळ्या जमिनीवर पडल्या. भिंत उघडी झाली, काळी, हिरवी, वरपासून खालपर्यंत. सायत्राबाईने डोळे मिटून घेतले. मी कपाकडे पाहत बसले.

मान वर केली तर भिंतीकडे कोणीच पाहत नव्हतं. मुलगा जमिनीवर मांडी घालून बसला होता, जाळं मांडीवर, रंजूच्या बाबांच्या डब्यातली बांबूची सुई हातात, आणि तो गाठी मारत होता. रंजू चहाचा ट्रे घेऊन आली आणि त्याच्यासमोर थांबली. मुलीने न बोलता चहा द्यावा असा रिवाज. ती म्हणाली, "गाठ सैल राहून राहिली. बाबा दोनदा फिरवत." मुलाने वर पाहिलं, आणि सुई तिच्या हातात दिली. तिने ट्रे माझ्याकडे दिला. तो मीच सगळ्यांना फिरवला.

मामा तेव्हा कुठे भिंतीजवळ गेले, बाहेर जाऊन मागची बाजू पाहून आले. रस्ता उंच केला तेव्हाची माती मागून भिंतीवर चढली होती. ती हातभर खाली खोदा, नाली काढा, उन्हाळ्यापर्यंत भिंत कोरडी होते, असं त्यांनी सांगितलं. सायत्राबाईचा चेहरा एकदम उजळला. तरकीब खरी आहे हे तिला नाकाने कळलं असावं. ती म्हणाली, "मी फुकटची तरकीब घेत नाही, भाऊ. एकाले एक. बदल्यात काय देऊ?"

"पोरगी द्या मंग," मामा म्हणाले.

खोलीत सगळे हसले. मी हसले नाही. माझा या बाबतीत तात्त्विक विरोध आहे आणि मी तो मांडणारच होते. पण जाळ्यातून मान वर न काढता रंजूच म्हणाली, "मले कोनी इचारन का?" मग मामांनी रीतसर विचारलं. "अगोदर हे जाळं होऊ द्या," ती म्हणाली. मुलगा तिला दोरा सोडून देत होता. जाळं व्हायला संध्याकाळ झाली, आणि पाहुणे जेवूनच गेले.

लग्नात मी सायत्राबाईला गाठलं आणि म्हटलं, आता तरी माझी एक तरकीब पास झाली म्हण. तिने कठोरपणे मान हलवली. "तुमची तरकीब भित झाकाची होती. भित तर उघडी पडली. नाही झाली लागू." जाळं तिने जावयाला दिलं. त्यातला एक जुना, कुजका काठ कापून मला आणून दिला, "काही झाकाचं असन तर." तोच खिडकीला आहे, मुलांनो. तो काहीही झाकत नाही.

पुढे गुडघ्यांनी तिची पाटी सोडवली आणि ती लेकीकडे राहायला गेली. गेल्या पावसाळ्यात ती वारली. रंजूला भेटायला मी आंबागडाकडे गेले. जावई तलावावर होता, जाळं घेऊन. बोलत बोलत मी रंजूच्या मागे स्वयंपाकघरात शिरले, आणि चुलीपासून दूर, हवेच्या जागी, आढ्याला एक करडा मोजा टांगलेला दिसला. गाठीगाठीचा. टाच लाल दोऱ्याने रफू केलेली.

माझी नजर कुठे आहे ते पाहून रंजूने कपाळाला हात लावला. "आई सांगून गेली होती," ती म्हणाली, "मॅडमबाई आल्या तर तो मोजा अगोदर उतरवून ठेवजो. मी भुलली."

मी स्टुलावर चढले. सातही कांदे टणक होते. एकेक दाबून पाहिला.