ओरडण्याची वर्गणी

सबंध सुरतेत फुकट मिळालेल्या गोष्टीचा राग येणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लोकांना महागाईचा राग येतो, यांना स्वस्ताईचा येई. भाजीवालीनं वरून दोन मिरच्या टाकल्या तर ते त्या उचलून परत तिच्या टोपलीत ठेवत आणि वर तिलाच झापत. 'आहेर आणू नये' असं ज्या पत्रिकेत छापलेलं असेल, त्या लग्नाला ते पाऊल ठेवत नसत. आहेर दिला नाही तर जेवणाला नावं कशी ठेवायची, हा त्यांचा सवाल होता. पैसे मोजलेल्या माणसालाच चिडायचा हक्क, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान; आणि चिडणं हा तर त्यांचा जन्माचा छंद. त्यामुळे बिचारे जन्मभर पैसे भरत राहिले.

मामा मूळचे अमळनेरकडचे. उमेदीत सुरतेला आले आणि लूमवर लागले. लूमच्या कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात. खात्यात सगळे माग एकदम खडखडत असतात, त्यामुळे शेजारच्याला 'जरा सरक' सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. मामांनी अशा खात्यांत आधी कारीगर आणि मग मास्टर, म्हणजे कारीगरांवरचा मुकादम, म्हणून उभी हयात काढली. माझ्या लग्नात मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी जो आशीर्वाद दिला, तो मांडवाबाहेरच्या बँडवाल्यांना इशारा वाटला आणि त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली. घरात मात्र हा माणूस चिडीचूप. मामी कौतुक आणि तक्रार एकाच सुरात करायच्या. "आमटी अळणी व्हयनी तरी बोलतस नही. घरना जेवणले पैसा कोठे भरना पडस? बठा राग मैदानवर जाईसन काढतस." बठा म्हणजे सगळा.

मैदान म्हणजे लिंबायतच्या मागचं आमच्या खानदेशी मंडळाचं कबड्डीचं मैदान. आमच्या भागातल्या खात्यांची ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी तिथे सामने व्हायचे. खेळणारे सगळे कारीगर, आठवडाभर माग चालवून सुट्टीच्या दिवशी अंग मोडून घ्यायला येणारे. मी पालिकेच्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि सुरतेत नवा होतो. संध्याकाळी जायला दुसरं ठिकाण नव्हतं म्हणून मीही जाऊ लागलो. मंडळाचा खर्च दुकानदारांच्या देणगीवर चालायचा. देणगी मागायला जायचं म्हणजे नाक मुठीत धरून तासभर दुकानाच्या पायरीवर बसायचं आणि नंतर त्या दुकानदाराचं नाव कर्ण्यावरून पुकारायचं. मामांना या प्रकाराची शिसारी यायची. मग चौऱ्याण्णवचं प्लेगचं साल आलं. माणसं मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली, दुकानं थंडावली, देणग्या आटल्या आणि मंडळाचे कार्यवाह एका बैठकीत संघ बंद करायची भाषा बोलू लागले.

त्या बैठकीत मामांनी जो तोडगा काढला, तसा जगाच्या पाठीवर कोणी काढला असेल असं मला वाटत नाही. मैदानाला भिंत नव्हती, म्हणजे तिकीट लावणं शक्य नव्हतं. मामा म्हणाले, बघायला पैसे नकोत, ओरडायला लावा. मैदानाच्या एका अंगाला दोरी बांधायची. महिन्याची वर्गणी देईल तो दोरीच्या आत बसेल आणि वाटेल तसं ओरडेल, शिव्या देईल, पंचाचा बाप काढेल. बाकीच्यांनी दोरीबाहेर उभं राहून खुशाल फुकट बघावं, पण तोंडाला कुलूप. कार्यवाह हसले. पण कारीगर माणूस आठवडाभर शेठचं, मास्टरचं, घरमालकाचं मुकाट ऐकून घेतो. पाच रुपयांत महिनाभर ओरडायला मिळतंय म्हटल्यावर दोरीच्या आत पाय ठेवायला जागा उरली नाही. चुना, बनियनी, बाहेरगावच्या सामन्यांचा टेम्पो, सगळं त्या पैशांतून निघू लागलं.

दोरीची राखण अर्थातच मामांकडे. एकदा आमच्या हिरामणनं, म्हणजे संघातल्या सगळ्यात चपळ चढाईपटूनं, तिघांना लोळवून मध्यरेषा गाठली. दोरीबाहेर उभ्या असलेल्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या तोंडून 'वाह!' निघून गेलं. मामांनी हात वर करून सामना थांबवला. ते तडक पानवाल्यासमोर जाऊन उभे राहिले.

"अरे काका, सारुं रम्यो एटले वाह बोल्यो," पानवाला म्हणाला. "गाळ क्यां आपी?" चांगला खेळला म्हणून वाह म्हटलं, शिवी कुठे दिली, असं त्याचं म्हणणं.

"शाबासकी बी फुकट नही भेटाव," मामा गरजले. "शाबासकी तर शिवीपेक्षा महाग शे!"

पानवाल्यानं चिडून तिथल्या तिथे पाचाची नोट फेकली, दोरीखालून आत आला आणि पुढची दोन वर्षं दोरीच्या आतला सगळ्यात मोठा गळा त्याचाच होता. मराठी शिव्यांचे उच्चार त्यानं मामांकडून मन लावून शिकून घेतले होते.

संघ हरला की मामा चिडत हे तर झालंच, पण जिंकला की जास्त चिडत. बारडोलीहून ढाल जिंकून आणली त्या दिवशी त्यांनी टेम्पोतच हिरामणला उभं करून पाऊण तास सुनावलं. शेवटच्या चढाईत तो म्हणे रेषेवर येण्याआधीच हसला होता. हिरामण खाली मान घालून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून आनंद निथळत होता. आपल्यावर कुणाचं तरी एवढं बारीक लक्ष आहे, हे सुख खात्यात राबणाऱ्या माणसाला कुठे मिळतं?

आणि मग शेठ आले. साड्यांचा व्यापार करणारे हे शेठ एके दिवशी मोटारीतून पेढ्यांचे पुडे घेऊन उतरले. त्यांनी कधी आयुष्यात कबड्डीचा 'क' उच्चारला नव्हता, पण मैदानावरची गर्दी त्यांच्या नजरेत भरली होती. आम्ही घाम गाळून पीठ मळलं, हे आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आले. खेळाडूंना पगार देणार, बूट देणार, बनियनीवर पेढीचं नाव येणार. लूमची नोकरी सोडून दिवसभर सराव करायचा. दोरी काढायची, सगळ्यांना फुकट प्रवेश आणि वर चहा-खमण. कार्यवाहांनी तिथेच हार मागवला. सगळी माणसं टाळ्या वाजवत असताना मामा उठले.

"शेठजी, हारनूत तर शिव्या कोनले देवान्या?"

हरायचंच नाही, असं म्हणत शेठ पोट हलवत हसले. "काका, हारवानुं ज नथी!"

त्यावर अख्खी सभा हसली. पाच-पाच रुपये भरून संघ जगवणारी, त्या संघाची मालक असलेली माणसं एका खमणच्या तुकड्यासाठी स्वतःच्याच मालकीवर खदाखदा हसली. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

शेठचा संघ जिंकायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. बाहेरून पगारी खेळाडू आणले होते, कर्ण्यावर गाणी लागायची, चहाची किटली फिरायची. पुकारणारा 'जोरसे बोलो' म्हणाला की लोक ओरडायचे आणि तो थांबला की थांबायचे. मामा प्रत्येक सामन्याला येत. पूर्वी दोरी होती त्याच्या बाहेरच्या अंगाला उभे राहत, चहाला हात लावत नसत आणि तोंडातून अक्षर काढत नसत. त्यांचाच नियम, फुकट बघणाऱ्यानं ओरडायचं नाही. कार्यवाहांना ते वर्गणी द्यायला गेले तर त्यांनी हसून पैसे परत केले. मामांचा चेहरा राग दाबून दाबून जांभळा व्हायचा. कपाळावरची शीर बघून मामी मला म्हणाल्या, "जवाईबापू, यासले कोठेतरी जाईसन वरडू द्या, नही तर हाई मानूस फुटी जाई."

एका सामन्यात हिरामणचं काही केल्या चालेना. मध्यंतराला तो घामाघूम होऊन मामांजवळ आला. "मामा, कायतरी बोला ना. पायच उचलाई नही राहिना."

मामांनी मान फिरवली. हिरामणनं पिशवीतून पाचाची नोट काढून त्यांच्या हातात कोंबली. मामांनी ती साप चावल्यासारखी झटकली. "तुना पैसा लिसन तुलेच शिव्या देऊ? इतला नीच शे का मी?" असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला. हिरामण डोळे पुसत आत गेला आणि पहिल्याच चढाईत पकडला गेला.

दोन हंगाम झाले आणि शेठचा रस संपला. बाजार मंदावला म्हणे. शेठ स्वतः आलेच नाहीत. एका सकाळी मुनीम आला, फलक उतरवले, बनियनी मोजून घेतल्या आणि पगार बंद झाल्याचं सांगून गेला. बाहेरचे खेळाडू बाहेर गेले. आमच्या पोरांनी लूम सोडला होता, त्यांच्या मागांवर आता दुसरे कारीगर बसले होते. हिरामणला कुठल्याशा मार्केटच्या दारात वॉचमन म्हणून उभं राहावं लागलं. मी रागारागानं लोकांशी बोलायला गेलो तर एकेक जण मला समजावू लागला, "मास्तर, शेठनं काय वाईट केलं? दोन वर्षं चहा तर पाजला ना!" या वाक्याचा मला आजसुद्धा इतका संताप येतो की घरात कुणी ते गमतीनं म्हटलं तरी मी जेवणावरून उठतो. अरे, तुमचं घर मोडलं त्यानं आणि तुम्ही त्याच्या कपबश्यांचे गोडवे गाता?

दोरी पुन्हा बांधायची म्हणून मामांनी बैठक बोलावली. मामा, मी, पानवाला आणि हिरामण, एवढेच आलो. दोन वर्षं फुकट ओरडलेल्यांना आता ओरडायला पैसे पडतात हेच विचित्र वाटत होतं. तेवढ्यात चलथाणच्या साखर कारखान्याच्या कामगारांचं बोलावणं आलं. दरवर्षीप्रमाणे त्यांच्या स्पर्धेला खानदेशी मंडळानं यावं. कार्यवाहांनी संघ नाही असं कळवायचं ठरवलं होतं. मामा कडाडले, "संघ शे! कोन म्हनस नही म्हनून?" आणि चार दिवस खात्याखात्यांतून फिरून त्यांनी माणसं जमवली. हिरामणनं रजा काढली. गुडघे गेलेले दोन जुने पकडवीर, दोन नवखे कारीगर आणि मराठी शिव्यांत पारंगत झालेला पानवाला. सातवा मिळेना. सामन्याच्या आदल्या दिवशी मामा माझ्या दारात उभे राहिले आणि अतिशय आदबीनं म्हणाले, "जवाईबापू, सकाय चड्डी घालीसन या."

टेम्पोचं भाडं सगळ्यांनी भरलं. मामांनी स्वतःचा वाटा सर्वांत आधी दिला आणि तो देताना त्यांचा चेहरा इतका उजळला की 'यासले वरडू द्या' हे मामींचं बोलणं मला आठवलं. चलथाणला मामा मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि दोन वर्षांचं सगळं साठलेलं त्यांनी सोडलं. कारखान्यात ऊस उतरवणारी माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. "हिरामण, तुना पाय शेतस का खांबा!" "पानवाला, तो गडी शे, तुना ग्राहक नही, धर त्याले!" मला मात्र त्यांनी तोवर कधी एक शब्द लावला नव्हता, कारण जावयाला बोलायचं नाही ही खानदेशची रीत. मी पहिल्याच चढाईत धोतरासारखी सुटलेली चड्डी सावरत उलट्या दिशेनं पळालो, तेव्हा क्षणभर त्यांची रीत आणि राग यांची झटापट झाली. मग सगळ्या चलथाणला ऐकू गेलं, "जवाईबापू! तुम्ही गधडा शेतस! साफ गधडा!"

आम्ही किती गुणांनी हरलो ते सांगत नाही. पंचांनी शेवटी शेवटी मोजायचंच सोडलं होतं.

परतताना टेम्पोत हिरामणच्या ओठातून रक्त येत होतं, पानवाल्यानं माझ्या सुजलेल्या घोट्यावर चुना चोपडला होता. आता मामा एकेकाला उभं करून सोलून काढणार म्हणून सगळे खाली बघत बसले होते. बाजूनं उसाचे ट्रॅक्टर जात होते. मामा मात्र, मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता अशा हलक्या आवाजात म्हणाले, "शेठना त्या पोऱ्या जिकेत, तवय कोन जिकनं ते माले कधीच समजनं नही. आज हारनूत ना, ते आपण हारनूत." आणि त्यांनी हिरामणच्या पाठीवर हात ठेवला तो सुरत येईपर्यंत काढला नाही.

मंडळाचा तो शेवटचा सामना. पुढे मैदानावर भरतकामाच्या मशिनांच्या शेड उभ्या राहिल्या आणि मामा मुलाकडे कोसाडला राहायला गेले. ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याशी लोक नीट बोलतात, मास्तर म्हणून मान देतात, चूक झाली तरी गोड हसून सोडून देतात. फार एकटं वाटतं कधीकधी.