आबांनी तपासलेले पेपर

आमच्या घरात पाठकोरा कागद कधी कमी पडला नाही. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या मार्केट यार्डात हमाल आहेत आणि हमालांच्या संघटनेची पत्रकंही तेच लिहितात. छापताना बिघडलेली, सभेनंतर उरलेली पत्रकं पोत्यात भरून सोनगीरला आमच्या घरी यायची. मी अक्षर ओळखायला त्यांच्यावरच शिकले. शाळेत बाकीची पोरं 'कमळ' गिरवत होती, तेव्हा मला 'कामगार बंधूंनो' सलग वाचता येत होतं. त्या भाषेत वाढलं की माणूस लवकर चिडायला शिकतो. मी चिडकीच होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

बारावीला असताना पाच वर्षांच्या लॉच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. सरकारी नाहीतर अनुदानित कॉलेज मिळालं तरच वकील होता येणार होतं. नाही मिळालं तर जवळच्या कॉलेजात बी.ए. आणि विषय संपला. हे आबांनी कधी बोलून दाखवलं नाही, बोलायची गरजही नव्हती. क्लास लावणं जमण्यासारखं नव्हतं. धुळ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सराव प्रश्नांचं एक मराठी पुस्तक आणलं. घरी येऊन पाहिलं तर शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली. उत्तरं नेमकी त्याच पानांवर होती.

"त्यात काय शे?" आबा आमच्या अहिराणीत म्हणाले. "मी तपासस."

इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाला त्यांनी हात लावला नाही. कायद्याचा भाग मात्र त्यांनी आपला मानला. कामगार कार्यालयातल्या सुनावण्या, तडजोडी, नोटिसा यांत त्यांची निम्मी हयात गेलेली. या भागातले प्रश्न एका ठरलेल्या पद्धतीचे असतात. आधी एक नियम देतात, मग एक घटना, आणि विचारतात की निकाल काय. मी दिवसभर सोडवायचे, आबा संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन लाल पेन घ्यायचे.

एक प्रश्न अजून आठवतो. नियम असा की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा अतिक्रमणाचा गुन्हा, कारण कोणतंही असो. घटना अशी की पूर आला, एक बाई लेकराला घेऊन मालकाच्या गोदामाच्या माडीवर चढली. तिने गुन्हा केला का? मी 'नाही' लिहिलं. आबांनी एवढी मोठी बरोबरची खूण केली की कागद फाटला.

"पूर ऊना, कडेवर लेकरू, अन् ती परवानगी मांगत बसी का? बठ्ठं बरोबर शे, माय!"

दोन महिने मला कायद्यात रोज पैकीच्या पैकी मिळत होते. आई म्हणायची, "बापलेक दोन्ही एकच शाळाना." आम्हाला ती तारीफ वाटायची.

परीक्षेला दीड महिना राहिला तेव्हा जळगावच्या एका क्लासने रविवारी मोफत सराव परीक्षा ठेवली. संगणकावर, अगदी खऱ्यासारखी. आबा सुट्टी टाकून सोबत आले आणि बाहेरच्या पायरीवर बाकीच्या पालकांमध्ये बसले. आत जाताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते कुणाला तरी सांगत होते, "कायदामा तर तिनं काहीच चुकत नही."

पेपर संपताच पडद्यावर गुण आले. कायद्यात तीसपैकी सात. वर्गात सगळ्यात कमी.

मला वाटलं, मशीन बिघडलं. शिकवणाऱ्या मॅडम फैजपूरच्या, स्वतः वकील, वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक प्रश्न उघडू लागल्या.

"ही हमालाची केस. नियम काय दिलाय?"

"सही करणारा करारातल्या सगळ्या अटींना बांधील. वाचलं नसलं तरी."

"हमालाने सही केली?"

"केली. पण मॅडम, त्याला वाचून कुणी दाखवलंच नाही. कामावरून काढीन म्हणून घेतली सही."

"हे कुठे लिहिलंय?"

मी पुन्हा वाचलं. कुठेच लिहिलं नव्हतं. ते मला माहीत होतं, एवढंच.

"तू तीस खटल्यांचा निकाल लावून बसलीस," मॅडम म्हणाल्या. "इथे तुला न्यायाधीश कुणी नेमलं नाहीये. दिलेला नियम खरा मानायचा आणि घटनेला लावायचा, बस. खऱ्या कायद्यात दमदाटीने घेतलेल्या सहीला वाट आहे. पण ती शिकायला आधी कॉलेजात तर शीर."

मागच्या बाकावरची मुलगी हसली. तिचं घराणं मारवाडी, कापडाचं दुकान गावात जुनं. तिला तीसपैकी अठ्ठावीस होते. "आमच्याकडे लहानपणापासून हेच सांगतात," ती म्हणाली. "सही केली म्हणजे केली."

"आमच्याकडे सांगतात, सही कोणी करून घेतली ते आधी बघ."

"म्हणून सात!" ती म्हणाली, आणि डब्यातली अर्धी कचोरी माझ्यापुढे धरली. मला तिचा राग आला होता, पण कचोरी मी घेतली.

परतीच्या बसमध्ये पारोळा गेल्यावर मी सात गुणांचं सांगितलं. "आबा, तठे आपलं मत इचारेलच नही. ते जे सांगतस तेच खरं धरनं पडस."

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मंग मी इतला दिन काय तपासं?"

घरी आल्यावर त्यांनी लाल पेन पुस्तकातून काढून खिशाला लावलं आणि न जेवता बाजेवर पडले. पंचवीस वर्षं ज्या माणसाने मालकांपुढे मान खाली घातली नाही, तो पोरीचे पेपर चुकीचे तपासले म्हणून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला त्या परीक्षेचा असा संताप आला की मी दुसऱ्या दिवशी परीक्षेविरुद्धच पत्रक लिहिलं. 'अन्यायाला गुण देणारी परीक्षा' असं मथळ्यात टाकलं. विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकावा, अशी हाक दिली. पहिली बहिष्कार टाकणारी मीच असणार होते. संध्याकाळी ते आबांपुढे ठेवलं. म्हटलं, छापा.

त्यांनी चष्मा लावला. सवयीने दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. "तिसरं वाक्य लांब व्हयनं," म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवला. "चांगलं शे. पन हाई छापानं नही."

"काबर?"

त्यांनी मला एक सुनावणी सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. आमच्या घरात फक्त जिंकलेल्या सुनावण्या सांगितल्या जात. कामावरून काढलेल्या काही हमालांसाठी आबा तावातावाने भांडले. कामगार कार्यालयातल्या साहेबापुढे टेबलावर हात आपटला. समोरचा वकील एक शब्द जास्त बोलला नाही. त्याने कराराचा कागद उघडला, तीन ओळी वाचल्या आणि खाली बसला. हमाल परत कामावर आले नाहीत.

"आमनी बाजू खरी व्हती," आबा म्हणाले. "पन तो कागद आम्ही कोनीच वाचेल नव्हता. माले वाटे, कागद त्यासना शे, आपुन काबर वाचाना? आधी कागद काय सांगस ते समज. मंग त्यानासंगे भांड."

असं म्हणून त्यांनी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली. डावीकडे कागदाचं उत्तर, ते मी लिहायचं. उजवीकडे आमचं, ते आबा लिहिणार. दीड महिना असंच चाललं. गल्लीत तांबटांचे तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत असायचे आणि आम्ही दोघं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना. मी डावीकडे 'गुन्हा केला' लिहायचे तेव्हा आबांचा जीव तळमळायचा. "ती बाईनी काय करो मंग? बुडी जावो?" म्हणायचे आणि उजवीकडे तावातावाने लिहायचे. हळूहळू त्यांच्या बाजूच्या ओळी वाढत गेल्या, माझ्या बाजूला एकच शब्द. पण तो शब्द आता बरोबर येत होता. डावी बाजू तपासायला मॅडमना फोनवरून फोटो पाठवायचे. त्यांनी फी मागितली नाही, हे इथे लिहून ठेवते.

परीक्षेचं केंद्रही जळगावलाच आलं. मे महिना, रस्ता पायाला चटके देत होता. आत थंड मशीन, थंड खोली. सदतिसाव्या की अडतिसाव्या प्रश्नाला एक घरकाम करणारी बाई आली. नियम पडद्यावर स्पष्ट होता आणि तो तिच्या विरुद्ध होता. माझा हात माऊसवर थांबला. उजवीकडे आबांनी काय लिहिलं असतं, ते शब्दाशब्दाने माझ्या कानात चाललं होतं. मी कागदाचं उत्तर निवडलं आणि पुढे गेले. ते मला अजून आवडत नाही. ती परीक्षा चांगली आहे असं मी आजही म्हणणार नाही. नियम कुणी केला हे न विचारता तो लावायला शिकवणं धोक्याचं आहे, आणि आत जायचं दार मात्र तेवढंच आहे.

बाहेर आबा लिंबाखाली उभे होते. "कसा गया?"

"कागदनं ऐकं, आबा."

त्यांनी मान हलवली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

प्रवेशाच्या पहिल्या यादीत माझा नंबर लागला नाही. दुसऱ्या फेरीत जळगावचं अनुदानित कॉलेज मिळालं. आबा कामावर होते. मी मिळाली ती बस पकडून थेट मार्केट यार्डात गेले. ते पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढत होते. ते टाकून खाली येईपर्यंत मला दम धरवला नाही, खालूनच ओरडले. पोतं थप्पीवर ठेवून ते उतरले. उपरण्याने तोंड पुसत राहिले. बाकीचे हमाल जमले. कुणीतरी चहा सांगितला.

तेवढ्यात आबांच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी बंडीच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. घामाने तो मऊ झाला होता.

"व्हयनी ना वकील? मंग हाई वाच."

घरमालकाची नोटीस होती. सोबत भाडेकराराची प्रत, खाली काकांची सही. मी तिथेच पोत्यावर बसून सगळं वाचलं. मुदत संपली होती आणि खोली सोडायचं कलम स्पष्ट होतं. मी दोनदा वाचलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आबाही.

"काका, कागद तुमना विरुद्ध शे," मी म्हणाले.

"ते माले बी समजनं," काका शांतपणे म्हणाले. "आते पुढलं सांग."

पुढचं मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं. काका हसले, कागद पुन्हा चौघडी करून त्यांनी माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "मंग शिकीसन सांग. पन जरा लवकर."