दाजींनी तपासलेला केक

आमचे लिंबाजीदाजी, म्हणजे माझ्या धुरपताअक्काचे यजमान, एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, पण नजर काही रिटायर झाली नाही. माणूस समोर आला की हा बिनतिकिटाचा तर नाही ना, हेच ते आधी बघतात. माझ्या भाचीला, ज्योत्स्नाला, स्थळ आलं तेव्हा ते मुदखेडहून लातूरला जाऊन मुलाच्या कोचिंग क्लाससमोर चहाच्या टपरीवर दिवसभर बसले होते. मुलगा, रविकांत, फिजिक्स शिकवतो. पोरं त्याला शिव्या देत नाहीत, यावरूनच दाजींना संशय आला होता.

तरी लग्न झालं. मुदखेडला लागलं आणि रिसेप्शन व्याह्यांनी लातूरला ठेवलं. आदल्या दिवशी ज्योत्स्नाचा फोन आला. "बाबा, एकच मागते. इथं कुणाला तपासू नका. मला या घरात राहायचंय."

दाजी "हाव" म्हणाले. त्या होकारावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

दुपारी हॉलवर पोचलो तर स्टेजवर केकची तालीम चालू होती. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातलेले आणि बाजूला पांढऱ्या केकचे चार मजले. पाचवा ऐनवेळी यायचा होता. डेकोरेशनवाला सत्यम नव्या जोडप्याला समजावत होता, गाणं कधी लागणार, धूर कधी सोडणार. "वैनी, सुरी वरच्याच मजल्याला लावा. खाली बिलकुल नको. आन पहिला घास तुमच्या वडिलांना, बरं का."

घासाचं दाजींनी ऐकलंच नाही. ते माझ्या कानाला लागले. "खाली का म्हून नको?"

"आसंल काहीतरी."

"आसंल न्हाई. हाय."

आम्ही जवळ गेलो तसा सत्यम गप्प झाला. व्याही लगबगीनं आले, "चला, चहा घेऊ," म्हणाले. चहाचं निमित्त करून माणसाला बाजूला नेतात, हे दाजींना नोकरीपासून ठाऊक. त्यांनी चहा घेतला, पण पाठ केकाकडे केली नाही.

संध्याकाळी हॉल भरला. गाणं लागलं, ज्योत्स्नानं सुरी उचलली. तेवढ्यात दाजी फोटोचा हार सरळ करायला म्हणून स्टेजवर चढले आणि खालच्या मजल्यात त्यांनी अंगठा दाबला. कर्रकन वाजलं.

"थांबा," दाजी म्हणाले. बिनतिकिटाला गाडीत उभं करायचे, तोच आवाज. "व्याही, ह्यो केक खालून थर्माकोलचा हाय. लोकांसमोर माझ्या पोरीला खोटा केक कापायला लावताव?"

गाणं बंद पडलं. व्याही गरीब स्वभावाचे, ते सुनेकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्योत्स्ना केकाकडे बघत म्हणाली, "बाबा, थर्माकोल मी सांगितला. मामंजी सगळा खराच आणत होते. एवढा केक वाया जाईल म्हणून मीच नको म्हटलं."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"तुम्हालाच सांगू नका, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. तुम्ही बेकरीत जाऊन उभे राहिला असता."

व्याह्यांनीच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. केक कापला. ज्योत्स्नानं पहिला घास सासऱ्यांना भरवला. दाजी शेजारीच उभे होते. दुसरा त्यांना मिळाला, तो त्यांनी निमूट खाल्ला. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली.

परतीच्या गाडीत दाजींनी चाकूर येऊ दिलं. मग अक्काला म्हणाले, "तुला म्हाईत होतं?"

"हाव."

"आजून काय काय म्हाईत न्हाई मला?"

अक्कानं पदर सारखा केला. "तुमी कधी इचारताव का? नुसतं तपासताव."

दाजींनी खिडकीची काच वर केली. मुदखेड येईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही.