गाडी संपल्याशिवाय

सोलापुरात गिरणीत कारकून होतो, तेव्हा रोज सकाळी लेकीला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचो. वाटेत रेल्वेचं फाटक होतं. तिथला फाटकवाला उंच, काळा, डोक्याला मुंडासं बांधलेला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी जाताना तो हिरवं निशाण धरून उभा राहायचा, पण इंजिनाकडे ढुंकूनही बघायचा नाही. नजर कायम शेपटाकडे. शेवटचा गार्डाचा डबा दिसला की मान हलवायचा आणि मगच फाटक उघडायचा. तिकडे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि इकडे मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

एकदा मालगाडी गेली, रूळ मोकळे झाले, तरी हा फाटक उघडेना. उलट लाल निशाण काढलं आणि फोनची मूठ फिरवून स्टेशनला काहीतरी कळवलं.

मी ओरडलो, “अहो, गेली की गाडी!”

“गार्डाचा डबा कुटं दिसला, साहेब? गाडी अजून संपली न्हाय.”

माझ्यामागचा टांगेवाला मोठ्यानं हसला. तेवढ्यात गाडीपासून तुटून मागं राहिलेले पंधरा-वीस डबे उतारावरून घरंगळत आले आणि आमच्या समोरून गेले. ना इंजिन, ना शिट्टी. शेवटच्या डब्यात गार्ड ब्रेकचं चाक दोन्ही हातांनी आवळत होता.

फाटकवाल्यानं मान हलवली, फाटक उघडलं. मग लेकीला म्हणाला, “जा बाई, शाळेला उशीर झाला की.”

उशीर झाला खरा. पण दांडीवरची ती लेक आज आजी आहे.