कोपरा फाटलेली पत्रं

अमावास्येलाही डंपर बाहेर काढणारा माणूस आहे मी. भुताखेतांवर विश्वास नाही, आणि माणसांवर तर त्याहून नाही... डिझेल कमी दिसलं की आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा.

पेणजवळ खारेपाटात आमचं गाव. माझे मोठे काका, आप्पा, जन्मभर मिठागरात राबले, लग्न केलं नाही. यंदा मार्चमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी त्यांचं आधार कार्ड शोधताना मी त्यांची ट्रंक उघडली. लहानपणापासून तिला हात लावायची बंदी होती — "त्यात मयताची पत्रं हायत." आमच्याकडे मयत कळवायच्या पत्राचा कोपरा फाडतात. ते वाचून लगेच टाकून द्यायचं, घरात ठेवायचं नाही. आप्पांनी का ठेवलीत, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पत्रांचे कोपरे खरंच फाटलेले होते. पण मयताचं एकही नव्हतं! सगळी एकाहत्तरच्या लढाईतून आलेली, एकाच माणसाची. दत्तू... माणगावकडचा, फौजेत जाण्याआधी दोन हंगाम आमच्याच मिठागरावर होता. "तुझ्या पाठीवरचं मीठ अजून ओठावर आहे" — एका पुरुषानं दुसऱ्याला असं लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं. आधी कान तापले, मग डोळे भरून आले. कुणी वाचू नये म्हणून आप्पांनी स्वतःच कोपरे फाडले होते.

शेवटचं पत्र मात्र अख्खं होतं. "लढाई संपली. मी जिवंत आहे. ह्याचा तरी कोपरा फाडू नकोस." वर डाव्या कोपऱ्यात 'प्रिय'.

मी सगळ्या पत्रांचे मोबाइलवर फोटो काढले, गठ्ठा ऑफिसच्या कपाटात ठेवला, चावी कमरेला लावली. आप्पा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं, तर त्या पत्राचा कोपरा गायब. फोटोत होता, पत्राला नव्हता.

बायकोला विचारलं. "अहो, मयताच्या पत्राला मी हात लावीन व्हय?" मग चुलतभाऊ निलेश. त्याच्या हाती हे लागलं तर आप्पांची गावभर बदनामी, म्हणून मी त्याचा मोबाइलसुद्धा गुपचूप तपासला. काही सापडलं नाही. तेरावं उरकलं आणि ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हावं म्हणून गठ्ठा घेऊन, पत्रातल्या गावाचा माग काढत, माणगावकडे निघालो.

दत्तूकाका ओटीवर एकटेच बसले होते, डोक्याचा गोटा केलेला. मी आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"आप्पा गेला, म्हाईत हाय," ते म्हणाले. "कोपरा पोचला."

"कुणी आणला?"

"सकाळी उशाखाली व्हता. घरात सांगितलं, पलटणीतला भाऊ गेला. सुतक पाळलं."

त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला. मी तो पत्राला लावून पाहिला. बरोबर बसला... 'प्रिय'. संशय तरीही जाईना. शेजारी विचारलं, पेणकडून कुणी आलं होतं का? कुणीच नाही. तारीख जुळवली — आमचा तोच तिसरा दिवस.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "लय तरास झाला का रं त्याला?"

"नाही काका. झोपेतच गेले."

ते तोंड फिरवून रडले. मीही रडलो.

कुलपातून कोपरा कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. आम्ही सगळ्या भावकीला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. ह्या एका माणसाला कळवायचं राहिलं होतं.